वाईचे जोग ऐकायचे तर उजव्या हाताकडे कान हवा

प्रश्न कराडच्या एका पालकांचा आहे. त्यांची मुलगी व्हायोलिन शिकते, प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा झाल्या आहेत. शिक्षकांनी तिला पंडित व्ही. जी. जोग ऐकायला सांगितले. तिने मन लावून ऐकले आणि घरी सांगितले, ‘एन. राजम यांचं व्हायोलिन गातं. हे गात नाही, नुसतं धावतं.’ वडिलांना जाणून घ्यायचे आहे की जोगांचे मोठेपण नेमके कशात आहे, त्यांनी वाजवले काय, आणि वाईसारख्या आपल्याच जिल्ह्यातल्या गावच्या या वादकाकडून त्यांच्या मुलीने काय उचलावे.

मी साताऱ्यात बरीच वर्षे व्हायोलिन शिकवतो आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे अनेकदा आलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मुलीचा कान चांगला आहे. तिला जो फरक ऐकू आला तो खरोखरच आहे. फक्त ‘धावतं’ म्हणून तिने जे बाजूला ठेवले, तिथेच जोगांची सगळी कमाई आहे. व्हायोलिन ऐकताना आपले लक्ष आपोआप डाव्या हाताकडे जाते, कारण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) तिथे, सूर तिथे, गाण्यासारखे वाटणारे सगळे तिथे. जोग कळायचे तर उजव्या हाताकडे, म्हणजे गजाकडे कान लावावा लागतो. हे शिकवल्याशिवाय कुणाला आपसूक येत नाही, तेव्हा मुलीला दोष देऊ नका.

आधी माणूस कोण ते सांगतो. विष्णु गोविंद जोग यांचा जन्म १९२२ चा, वाईचा. सुरुवातीचे शिक्षण शंकरराव आठवले आणि गणपतराव पुरोहित यांच्याकडे झाले. पुढे ते डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांच्या हाताखाली लखनौला गेले, आणि मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचीही तालीम त्यांना मिळाली. लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकवले, आकाशवाणीत नोकरी केली आणि शेवटी कोलकात्याचेच झाले. १९८० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९८३ साली पद्मभूषण मिळाले. ३१ जानेवारी २००४ रोजी कोलकात्यातच त्यांचे निधन झाले. आयुष्याचा मोठा भाग लखनौ आणि कोलकात्यात गेल्यामुळे बंगालमध्ये त्यांना जेवढे घरचे मानतात तेवढे आपल्याकडे मानत नाहीत. वाईच्या घाटावर उभे राहून विचारले तर दहातल्या नऊ जणांना हे नाव सांगता येणार नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

या कारकिर्दीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे लखनौ. रातंजनकर हे संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे शिष्य, आणि आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांचेही. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीत बांधून ठेवल्या, आणि लखनौच्या शिक्षणाचा पाया तोच होता. त्या वातावरणात वाढलेल्या वादकाकडे रागांचा आणि बंदिशींचा साठा आपोआप मोठा होतो. नेहमीचे यमन, बिहाग, बागेश्री तर असतातच, पण आडवाटेचे आणि जोडरागही हाताखालून जातात. शिवाय आग्रेवाल्यांची लयीवरची पकड आणि बंदिशीच्या बोलांशी खेळायची सवय रातंजनकरांमार्फत पुढच्या पिढीला मिळाली. जोगांच्या लयकारीचे, म्हणजे लयीशी खेळण्याचे, एक मूळ मला तिथे दिसते.

दुसरी गोष्ट मैहरची. बाबा अल्लाउद्दीन खाँ सरोदिये म्हणून आपल्याला माहीत असतात, पण ते व्हायोलिनही वाजवत. त्यांच्याकडची तालीम म्हणजे गतकारी, म्हणजे सतार-सरोदाच्या चालीने वाद्याचा विचार. गळ्यातून येणारे संगीत लखनौला आणि तारेतून येणारे मैहरला, असे दोन्ही पदरात पडलेला व्हायोलिनवादक त्या काळात विरळा होता.

इथे एक खुलासा करतो, कारण हे वाक्य सगळीकडे छापलेले असते: ‘जोगांनी हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिन आणलं.’ एवढे सरसकट म्हणू नये. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हे वाद्य कर्नाटक संगीतात रुळवले. उत्तरेत स्वतः अल्लाउद्दीन खाँ होते, अलाहाबादचे गगनबाबू चटर्जी होते, आणि आपल्या जिल्ह्याशी घट्ट नाते असलेले गजाननबुवा जोशी होते. जोगांनी, आणि त्यांच्या बरोबरीने आणखी काहींनी, केले ते हे की साथीला बसणारे वाद्य मैफलीच्या मध्यभागी आणून बसवले. तेवढे श्रेय निर्विवाद आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.

साथीचा विषय आला म्हणून सांगतो. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके राहिली. माझ्या मते व्हायोलिनला या बंदीचा मोठा फायदा झाला. रेडिओवर गाणाऱ्याला सुरात सूर मिसळणारे कुणीतरी हवेच असते. सारंगी होतीच, तिच्या शेजारी व्हायोलिनला जागा मिळाली. जोगांनी त्या काळातल्या मोठमोठ्या गवयांची साथ केली. साथ म्हणजे गवयाच्या पाठोपाठ अर्ध्या पावलावर चालणे. तो कुठे वळेल याचा अंदाज घ्यायचा, त्याची जागा भरायची पण झाकायची नाही. अशा साथीतून आलेला माणूस एकट्याने वाजवायला बसला की त्याच्या हातात तयार वाक्यांची रटाळ उजळणी राहत नाही. समोरच्या तबलजीने काय टाकले ते ऐकून तो तिथल्या तिथे उत्तर देतो. जोगांच्या वादनातला तो हजरजबाबीपणा मला नेहमी या साथीच्या शाळेतून आलेला वाटतो.

आता मुलीच्या ‘धावतं’ या शब्दाकडे येतो. गायकी अंगाने वाजवताना एका गजात बरेच सूर घेतात. गज न तोडता डावे बोट तारेवरून सरकत राहते आणि गळ्याच्या मींडेसारखा परिणाम साधतो. आपण मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि दुसरे टोक खांद्याशी धरतो, ते यासाठीच. वाद्य दोन्हीकडून पक्के झाले की डावा हात सरकायला मोकळा होतो. गतकारीत याच्या उलट विचार असतो. सतारीवर प्रत्येक आघाताला ‘दा’ किंवा ‘रा’ असा बोल असतो, तसा इथे प्रत्येक सुराला गजाचा वेगळा फटका मिळतो. सतारीवरच्या विलंबित मसीतखानी गतीचे, म्हणजे संथ लयीतल्या ठरीव रचनेचे, बोल बघा: दिर दा दिर दा रा, दा दा रा. सोळा मात्रांच्या तीनतालात बाराव्या मात्रेला सुरू होऊन ‘दा दा रा’तला पहिला ‘दा’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो. यातला ‘दिर’ म्हणजे एका मात्रेत दोन फटके. हे गजावर स्वच्छ काढायचे तर मनगट सैल आणि बोटे जागी लागतात. खांद्यातून गज ओढणाऱ्याचा ‘दिर’ नेहमी चिकटतो, क्लासात आठवड्यातून कितीदा तरी हे सांगावे लागते.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर संपवणे, आणि तिथे तर गजाची खरी परीक्षा होते. तीनतालात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, तीन सुरांचा तुकडा तीनदा घ्या. नऊ, दहा, अकरा. बारा, तेरा, चौदा. पंधरा, सोळा आणि सम. मध्ये थांबा नाही, म्हणून ही बेदम तिहाई. प्रत्येक सुराला एक गज धरला तर पहिला तुकडा जाईल डाऊन बो (मुठीकडून टोकाकडे), अप बो (टोकाकडून मुठीकडे), डाऊन बो. दुसरा तुकडा मात्र आपोआप अप बोने सुरू होतो: अप, डाऊन, अप. तिसरा पुन्हा डाऊनने. मुठीजवळ गजाला वजन असते आणि टोकाला तो हलका पडतो. म्हणजे तेच तीन सूर दुसऱ्यांदा येताना त्यांचे वजन उलटे पडते, जोरकस सूर हलका आणि हलका सूर जोरकस होऊ पाहतो. ऐकणाऱ्याला मात्र तिन्ही तुकडे हुबेहूब ऐकू आले पाहिजेत. टोकाकडून निघालेल्या गजाला मुठीजवळच्या गजाएवढे वजन द्यायचे, तेही चौपट लयीत, ही वर्षानुवर्षांची मेहनत असते.

तुकडा पाच मात्रांचा असेल आणि मध्ये एकेका मात्रेची विश्रांती असेल, तर समेपासून पुढच्या समेपर्यंत तो बरोबर बसतो: पाच, एक, पाच, एक, पाच. ही दमदार तिहाई. इथे विश्रांतीच्या मात्रेत गज उचलून परत मुठीजवळ आणता येतो, त्यामुळे तिन्ही तुकडे डाऊनने सुरू करता येतात. चार सुरांचा तुकडा सहाव्या मात्रेपासून बेदम घेतला, तर डाऊनने सुरुवात केल्यास सम अप बोवर येते आणि फुसकी वाटते. म्हणून जाणता वादक ती तिहाई अप बोनेच उचलतो, म्हणजे समेला डाऊन बोचा पूर्ण भार मिळतो. हा हिशोब मैफलीत बसून करायला वेळ नसतो, तो हातात मुरलेला असावा लागतो. जोग ज्या सहजतेने तबल्याशी सवालजवाब करत, आड लयीत, म्हणजे दीडपटीत, जाऊन मजेत समेवर परतत, त्यामागे उजव्या हाताची अशी तयारी आहे. एकदा हे कानाला सापडले की ‘धावतं’ हा शब्द तुमची मुलगी स्वतःच मागे घेईल.

आणि त्यांच्या वादनात गाणे नव्हतेच असेही समजू नका. आलापात आणि विशेषतः ठुमरी-धुनेच्या अंगाने वाजवताना त्यांचा गज लांब होतो, सूर रेंगाळतात, पूरबी लोकसंगीताचा लाडिकपणा येतो. गायकी आणि गतकारी या दोन वेगळ्या खोल्या आहेत आणि वादकाने एकीतच राहायचे असते, असे त्यांनी कधी मानले नाही. आलापात गाणे, गतीत तंतकारी (सतार-सरोदाची चाल), तबल्याशी संवाद आणि शेवटी धून किंवा ठुमरीचा रंग, अशी साधारण त्यांची मैफल.

बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी सगळ्यात जास्त ऐकली गेली, आणि ते योग्यच आहे. शहनाई आणि व्हायोलिन या दोघांत एक साम्य आहे: दोघांचा सूर टिकतो. सतार-सरोदाचा सूर छेडला की विरत जातो, इथे फुंक आणि गज असेपर्यंत तो जिवंत राहतो. म्हणून दोघे एकाच षड्जावर उभे राहिले की कोणता सूर कुणाचा हे क्षणभर कळत नाही. पण स्वभाव निराळे. शहनाईची पट्टी नळी आणि पत्तीवर ठरते, ती फार हलवता येत नाही, त्यामुळे जुळवून घ्यायचे काम व्हायोलिनकडे येते. खुंट्या पिळून तारा शहनाईच्या षड्जाला लावायच्या आणि तिच्या दणदणीत आवाजापुढे आपला बारीक सूर हरवू द्यायचा नाही. जोरात गज दाबला तर व्हायोलिन किरकिरते. जोगांनी इथे जोराऐवजी लयीचा आधार घेतला. खाँसाहेब एखादी जागा सुरात खुलवून ठेवतात, तेव्हा जोग तीच जागा तशीच परत म्हणत बसत नाहीत, तिला तुकड्यांत बांधून तालात उलगडतात. दोघांचे वेगळेपण राहते आणि भांडण होत नाही. जुगलबंदी म्हणजे कुरघोडी, असे वाटणाऱ्या मुलांना मी आधी हे रेकॉर्डिंग ऐकवतो.

आता औंधबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वाईच्या जोगांइतकाच औंधचा वारसा आपल्या जिल्ह्याचा आहे. गजाननबुवा जोशी, जन्म १९११, हे औंध संस्थानचे दरबारी गायक अंतूबुवा जोशी यांचे चिरंजीव. अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे अस्सल ग्वाल्हेर. गजाननबुवांनी वडिलांनंतर रामकृष्णबुवा वझे, आग्र्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे भुर्जी खाँ यांच्याकडून तालीम घेतली, आणि ते गवई म्हणून जेवढे मोठे तेवढेच व्हायोलिनवादक म्हणूनही. त्यांचे व्हायोलिन म्हणजे त्यांचेच ख्यालगायन तारेवर उतरलेले. बढत, म्हणजे रागाचा विस्तार, बंदिशीच्या अंगाने, तान गळ्यातून निघावी तशी, आणि लयीचे भान इतके पक्के की तबलजीने सावध बसावे. तंतकारीकडे ते गेले नाहीत, त्यांना ती गरज वाटली नसावी. एकाच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या, वयाने अकरा वर्षांच्या अंतराच्या या दोघांनी एकाच वाद्याचे दोन संपूर्ण वेगळे मार्ग दाखवले, आणि दोघांत समान धागा लयीचा आहे. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांच्या गायकीवरून आणि डी. के. दातारांनी द. वि. पलुस्करांच्या गायकीवरून आपापली वाट काढली. तुमच्या मुलीला जे गाणारे व्हायोलिन आवडते ते या घरातले. आवडू द्या, त्यात काहीच कमी नाही. पण केवळ तेच ऐकून वाढलेल्या मुलांचा उजवा हात बहुतेक वेळा आळशी राहतो, असा माझा अनुभव आहे. सूर गोड, मींड सुंदर आणि द्रुत आले की गज तालाच्या मागे फरफटतो.

म्हणून तिने काय करावे ते सांगतो. जोगांच्या तयार तिहाया आणि सवालजवाब कानाने उचलून बोटांवर बसवायला जाऊ नये. हा मोह सगळ्यांना होतो, मोबाइलवर गती कमी करून तुकडा पाठ करता येतो ना! पण पाठ केलेला सवाल समोर तबलजी बदलला की निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी रोजच्या रियाजातली पहिली पंधरा मिनिटे डाव्या हाताला सुट्टी द्यावी. मोकळ्या षड्जाच्या तारेवर तीनतालाचा ठेका लावून वर सांगितलेल्या तिन्ही तिहाया केवळ गजाने वाजवाव्यात. आधी विलंबितात, मग मध्य लयीत, आणि डोळे मिटून ऐकणाऱ्याला अप कुठला आणि डाऊन कुठला हे सांगता येणार नाही इतके सारखे वजन आले की मगच सूर बदलावेत. तबल्याच्या विद्यार्थ्याला लेहरा (तबल्याला आधार म्हणून पुन्हा पुन्हा वाजवायची सुरांची एकच ओळ) धरायला मिळत असेल तर ती संधी सोडू नये. तीच ओळ अर्धा तास न हलता धरून ठेवणे कंटाळवाणे वाटते, पण उठाण, कायदे, रेले हे तबल्याचे रचनाप्रकार कानावर असे पडतात की पुढे आयुष्यभर उपयोगी येतात.

बंदिश मात्र आधी गळ्याने म्हणावी, हाताने टाळी-खाली देत. गाता न येणारी मुलगी व्हायोलिन वाजवू शकते, बंदिश न म्हणणारी मुलगी फार पुढे जात नाही. यावर माझ्याशी अनेक शिक्षक वाद घालतील, मी मत बदलणार नाही.

वाद्याबद्दल थोडे, कारण कराडकडेही पावसाळा दमट असतो. जून ते सप्टेंबर खुंट्या फुगून घट्ट होतात, तेव्हा जोर लावून पिळू नका, मान तडकते. गजाचे केस दमटपणात सैल होतात, म्हणून वाजवण्यापूर्वी ताणून घ्यावेत आणि वाजवून झाल्यावर न विसरता ढिले करावेत. राळ बेताने लावावी. जास्त राळेने आवाज मोठा होत नाही, खरखरीत होतो, आणि लयीचे काम करणाऱ्या गजाला ते अजिबात मानवत नाही. आणि जमले तर रियाजाला मोबाइलवरच्या तानपुऱ्याऐवजी खरा तानपुरा घ्या. मिरज तुम्हाला जवळ आहे, तिथल्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराच्या हातून जवारी लावलेला, म्हणजे तारांचा झंकार जुळवलेला, तानपुरा मांडीवर घेऊन बसले की सुराची समज वेगळ्याच तऱ्हेने वाढते.

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास औंधला शिवानंद स्वामी संगीत महोत्सव होतो. अंतूबुवांनी शिवानंद स्वामी या आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला. मुलीला घेऊन नक्की जा. कराडहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे अंतर आहे. कुणी व्हायोलिनवादक असो वा नसो, चांगली साथ करणाऱ्या माणसाकडे तिला बघायला सांगा, तो गवयाकडे कसा पाहतो, कधी थांबतो, कधी भरतो.

परीक्षेचे विचाराल तर ती सुरू राहू द्या, फक्त परीक्षेपुरते राग वाजवून थांबू देऊ नका.

जोग ऐकायचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी धून किंवा ठुमरी अंगाचे छोटे रेकॉर्डिंग, म्हणजे तिला आवडणारे गाणे तिथे भेटेल आणि भीती जाईल. मग बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी. आणि शेवटी त्यांचे एकल वादन, त्यातही द्रुत गतीचा भाग पुन्हा पुन्हा. त्या वेळी हातात वही असावी. तालाच्या मात्रा हाताने धरून, प्रत्येक तिहाई कोणत्या मात्रेवर सुटली, तुकडा किती मात्रांचा होता आणि मध्ये दम होता की नाही, एवढेच लिहायचे. सुरुवातीला निम्म्या तिहाया निसटतील, काही हरकत नाही. दोन-तीन पाने भरली की ती तिच्या शिक्षकांना दाखवा आणि त्यातली एखादी तिच्या चालू बंदिशीत बसवून द्यायला सांगा.